पळसाचं पाणी

फाल्गुनात हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात दोन रंग एकाच वेळी तयार होतात. वावरातली हळद निघते, चुलाणावर शिजते, खळ्यात वाळते आणि हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या बाजारात तिचा भाव पुकारला जातो. त्याच दिवसांत त्याच वावराच्या धुऱ्यावर पळस फुललेला असतो. अंगावर पान नाही, नुसते केशरी घोस. त्याला भाव नाही. फुलं झडतात, गुराढोरांच्या पायाखाली जातात, उन्हानं करपून काळी होतात. पुष्कळदा तो पळसच हळदीच्या चुलाणात जातो. हळद शिजवायला जळण लागतं, आणि धुऱ्यावरच्या झाडांत कुऱ्हाड आधी पडते ती ज्याचा कुणाला उपयोग उरला नाही त्या झाडावर. आंब्याला कोणी हात लावत नाही, चिंच विकली जाते, बोराची पोरं वाट पाहतात. पळसाची वाट आता कोणी पाहत नाही. ज्या झाडाचं काहीतरी दरवर्षी घरात येतं, ते झाड धुऱ्यावर टिकतं, असं माझं म्हणणं आहे. पळसाचं जे घरात येत होतं ते गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एकेक करून थांबलं. ते पुन्हा सुरू करायची सगळ्यांत सोपी वाट त्याच्या फुलांच्या सरबतातून जाते. हे म्हणणं वरवर भाबडं वाटेल, म्हणून त्याच्या बाजूचं आणि विरुद्धचं दोन्ही नीट तपासायला हवं.

आधी थोडं दूर जाऊ. युरोपात एल्डर नावाचं एक झुडूपवजा झाड आहे. इंग्लंडमध्ये ते शेतांच्या कुंपणात, रेल्वेच्या कडेला, पडक्या भिंतीपाशी आपोआप उगवतं. कोणी मुद्दाम लावत नाही. मे-जूनमध्ये त्याला पांढऱ्या बारीक फुलांचे तबकासारखे झुबके येतात. माणसं टोपली घेऊन जातात, झुबके खुडतात, साखरेच्या पाकात लिंबू घालून एक-दोन दिवस भिजवतात, गाळतात आणि बाटलीत भरतात. उन्हाळाभर तो पाक पाण्यात घालून प्यायचा. त्याच फुलांचे झुबके पातळ पिठात बुडवून भजीसारखे तळतात, मुरांब्याला त्यांचा वास लावतात. असं हे फुकटचं रानफूल, पण त्यावरून एकदा मोठा खटला झाला. सरे परगण्यातल्या एका मळ्यानं या फुलांच्या फसफसत्या पेयाला ‘एल्डरफ्लॉवर शॅम्पेन’ असं नाव दिलं. फ्रान्समधलं तॅतँजे हे शॅम्पेनचं घराणं कोर्टात गेलं आणि १९९३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयानं त्या नावाला बंदी केली. पुढे २०१८ च्या मे महिन्यात ब्रिटिश राजपुत्र हॅरी यांच्या लग्नातला केक लिंबू आणि याच फुलांच्या चवीचा होता. कुंपणातल्या झुडपाचं फूल राजवाड्यापर्यंत पोचलं ते कुठल्याही सरकारी योजनेमुळे नव्हे. घराघरांत ते दरवर्षी केलं जात होतं, आजीकडून नातीकडे जात होतं, म्हणून पोचलं.

आपल्याकडे हे झाड नाही आणि ते आणायचं कारणही नाही. त्याच्या जागी काय आहे, हा खरा प्रश्न. मराठवाड्यात रान थोडं आणि माळ जास्त. सेनगाव तालुका तर एका बाजूनं वाशीमला लागलेला, दुसऱ्या बाजूनं परभणीच्या जिंतूरला. मधून कयाधू नदी वाहते. सखल भागात काळी जमीन, चढावर मुरूम. या मुरमाड चढावर, गायरानात, नाल्याच्या काठानं पळस स्वतःहून उभा राहतो. जनावरं त्याचा पाला सहसा खात नाहीत, दुष्काळात तो मरत नाही, बुंधा तोडला तरी खालून पुन्हा फुटतो. एवढं चिवट झाड आहे म्हणूनच त्याची कोणाला किंमत वाटत नाही, असंही असेल. आणि तरी एकेकाळी त्याच्याशिवाय गावाचं चालत नव्हतं. लग्नाची पंगत पळसाच्या पत्रावळीवर बसायची, वरण द्रोणात वाढलं जायचं. उन्हाळ्यात पानं तोडून, काड्यांनी टाचून, वाळवून गठ्ठे बांधून ठेवणं हे घरातल्या बायाबापड्यांचं हक्काचं काम होतं आणि त्यातून दोन पैसे सुटत. मुळांच्या सालीचा वाख निघायचा, त्याचे दोर वळले जायचे. डिंक बाळंतिणीच्या औषधात जायचा. होळीला फुलं उकळून रंग व्हायचा, आणि त्याच फुलांच्या पाण्यानं लहान लेकरांना न्हाऊ घालायचं, म्हणजे ऊन बाधत नाही, अशी समजूत होती. बंजारा तांड्यांवर या फुलाला केसुला म्हणतात आणि होळीचा तिथला थाट त्याच्याशिवाय पुरा होत नाही. मग थर्माकोलच्या पत्रावळी आल्या, नायलॉनचे दोर आले, पुडीतले रंग आले. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, पण तोवर पानं टाचणारे हातच कमी झाले होते. सोयाबीन आलं, ट्रॅक्टर आले, आणि धुरा जितका अरुंद तितकं पीक जास्त असा हिशेब सुरू झाला. पळसाला पानं तीनच असं आपण म्हणत राहिलो. पळस किती उरले ते मात्र मोजलं नाही.

आता सरबताकडे येऊ. पळसाचं एक फूल तळहातावर घेऊन पाहिलं तर त्याची रचना ध्यानात येते. खाली मखमली, काळपट, मातकट हिरव्या रंगाची वाटी असते; तिला आपण देठाची बोंडी म्हणू. तिच्यातून पाच पाकळ्या निघतात: एक रुंद, मागे वळलेली, दोन बाजूच्या, आणि उरलेल्या दोन एकमेकींना चिकटून पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या. संस्कृतात या फुलाला किंशुक म्हणजे ‘हा पोपट की काय?’ असं नाव पडलं ते या चोचीवरून. पाकळीच्या बाहेरच्या अंगाला रेशमासारखी बारीक रुपेरी लव असते, ती उन्हात चमकते. वास जवळजवळ नाहीच. इथंच पळस आणि एल्डर यांचे रस्ते वेगळे होतात. एल्डरचं सगळं सत्त्व वासात, पळसाचं रंगात. म्हणून तिकडची कृती जशीच्या तशी इकडे उचलून चालणार नाही. वास आपल्याला वेलदोड्याचा, बडीशेपेचा नाहीतर लिंबाच्या सालीचा बाहेरून द्यावा लागतो. फुलात मध मात्र भरपूर. सकाळी झाडाखाली उभं राहिलं की साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांचा एवढा कालवा असतो की ते फूल कोणासाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

सरबतासाठी फुलं सकाळी वेचावीत, रात्रीत पडलेली आणि अजून टवटवीत असलेली. झाडाखाली जुनं लुगडं नाहीतर धोतर अंथरून फांदी हलकी हलवली तर पिकलेली फुलं आपोआप पडतात. देठाची बोंडी काढून टाकायची, कारण तुरटपणा आणि केस जास्त करून तिच्यात. आतले केसरही काढायचे. नुसत्या पाकळ्या दोन-तीन पाण्यांत धुवायच्या, मुंग्या आणि धूळ निघून जाते. मग चार वाट्या सैल भरलेल्या पाकळ्या एक लिटर पाण्यात रात्रभर मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात भिजत घालायच्या. घाई असेल तर पाणी कडकडीत तापवून पाकळ्यांवर ओतायचं आणि झाकून निवू द्यायचं. लोखंडी कढई नको, तिच्यात रंग काळवंडतो. सकाळी स्वच्छ फडक्यातून गाळलं की स्वच्छ नारिंगी पाणी मिळतं. त्यात खडीसाखर, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड घालून प्यायचं. गूळही चालतो, पण गुळानं रंग मळतो. लिंबू पिळलं की एक गंमत समोर घडते: नारिंगी पाणी डोळ्यांदेखत पिवळं होत जातं. उलट त्याच पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात खायच्या चुन्याची निवळी टाकली तर ते गडद, तांबूस होतं. होळीचा रंग करताना जुनी माणसं चुना घालत ती याचसाठी. पाकळ्यांतली रंगद्रव्यं आंबटात पिवळी आणि चुन्याच्या क्षारात लालसर दिसतात, एवढंच त्यामागचं कारण. शाळेतल्या पोरांना आम्ल आणि अल्कली शिकवायला याहून स्वस्त प्रयोग सेनगावात तरी मिळणार नाही.

हे सरबत त्याच दिवशी संपवायचं. टिकवायचं असेल तर पाक करावा लागतो, आणि त्याचं गणित सोपं आहे: पाकात जवळपास दोन तृतीयांश वजन साखरेचं असेल तर बुरशी आणि किण्व यांना त्यात वाढता येत नाही. गाळलेल्या एका लिटर पाण्याला पावणेदोन ते दोन किलो साखर, एक उकळी, निवल्यावर लिंबाचा रस नाहीतर थोडं लिंबूसत्व, आणि उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बाटल्या. साखर कमी घातली की तो आठवड्याभरात फसफसतो. पाकळ्या सावलीत वाळवून डब्यात ठेवणं हा दुसरा मार्ग, आणि आपल्या उन्हाळ्याला तो जास्त सोयीचा. फाल्गुनात वाळवलेल्या पाकळ्या वैशाखाच्या दुपारी भिजत घालता येतात. गुलकंदासारखं पाकळी-साखर, पाकळी-साखर असे थर बरणीत लावून उन्हात ठेवता येतात. भिजवलेल्या पाकळ्यांचं दाट पाणी श्रीखंडात, साखरभातात, खव्याच्या वडीत रंगासाठी घालता येतं. केशराच्या चवीशी त्याची तुलना करू नये, ती चव त्याच्यात नाही. पण डबीतल्या कृत्रिम रंगापेक्षा मला ते केव्हाही बरं वाटतं.

पहिला आक्षेप इथंच येतो, आणि तो रास्त आहे: हे पिणं सुरक्षित आहे का, आणि त्याचे जे गुण सांगतात ते खरे का? दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. गुणांचं पहिलं घेऊ. पळसाच्या फुलांनी मूतखड्यापासून मधुमेहापर्यंत सगळं बरं होतं असं मोबाईलवर रोज फिरत असतं. फुलातल्या द्रव्यांवर प्रयोगशाळेत आणि उंदरांवर पुष्कळ काम झालं आहे. पण एक पेला सरबत प्यायल्यानं माणसाचा अमुक रोग बरा होतो असं म्हणायला तेवढं पुरत नाही. उन्हातून आलेल्या माणसाला या सरबतानं बरं वाटतं ते पाणी, साखर, मीठ आणि लिंबू पोटात गेल्यामुळे, आणि पारा चाळिशीच्या वर असलेल्या गावात ही काही लहान गोष्ट नाही. त्यापुढचं औषध म्हणून ते कोणी विकू नये, कोणी पिऊ नये. सुरक्षिततेचं म्हणाल तर सगळी भिस्त ओळखीवर आहे. पळसाच्याच हंगामात पांगारा फुलतो. त्यालाही तीन-तीन पानं, त्याचीही फुलं लाल. पण पांगाऱ्याच्या फांदीला काटे असतात आणि त्याच्यात अंगाला बाधणारी अल्कलॉइडं असतात. ज्या फांदीला काटा, ते फूल घ्यायचं नाही. कण्हेर, धोतरा, रुई यांच्या फुलांच्या वाटेला तर जायचंच नाही. पळसाच्याही फक्त पाकळ्या घ्यायच्या, कारण त्याच्या बिया जंतांवरचं जुनं, जहाल औषध आहे. त्या खाण्याची वस्तू नव्हेत. गर्भवतींनी, अंगावर पाजणाऱ्यांनी आणि रोजची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हे पेय घेऊ नये; इतरांनी पहिल्यांदा अर्धा पेला पिऊन पाहावा. हमरस्त्याच्या कडेची फुलं धुळीनं आणि धुरानं माखलेली असतात. हरभऱ्याच्या किंवा भाजीच्या वावरात नुकती फवारणी झाली असेल तर त्या धुऱ्यावरची फुलंही सोडून द्यावीत. हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, एवढी भानगड कशाला? पण एल्डरचंही असंच आहे. त्याच्या पानांत, देठांत आणि कच्च्या फळांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. तरी तिकडच्या घरांनी ते फूल सोडलं नाही, देठ काढायला शिकवलं. रानातलं काहीही खायचं म्हणजे आधी ओळख, मग तोंडात. ही ओळख शाळेत मिळत नाही. ती फक्त हाताबरोबर हात चालल्यानं पुढे जाते, आणि एका पिढीनं हात थांबवला की संपते.

दुसरा आक्षेप मोहाच्या नावानं येतो. रानातल्या फुलांचं पेय म्हटलं की महाराष्ट्रात पहिल्यांदा दारू आठवते. सेनगावच्या माळावर मोह तुरळक. किनवटच्या रानात, मेळघाटात, गडचिरोलीत, सातपुड्यात तो भरपूर. पण कथा तिथली असली तरी धडा सगळ्यांचा आहे. मोहाचं फूल मार्च-एप्रिलमध्ये रात्री नि पहाटे टपटप पडतं. मण्याएवढं, पिवळसर पांढरं, मांसल, बोटांत दाबलं की चिकट गोड रस येतो. वाळल्यावर त्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते. ज्या घरात गहू-साखर वर्षातून दोनदा दिसायची, त्या घरात हे फूल हीच साखर होती. वाळलेली फुलं काठीनं हलकी बडवून केसर वेगळे करतात, तव्यावर भाजतात, तीळ किंवा जवस घालून उखळात कुटतात आणि लाडू वळतात. पाण्यात उकळून, गाळून, आटवून काकवीसारखी राब करतात. भाकरीच्या पिठात मळतात. दारू हा मोहाचा एक उपयोग झाला. इंग्रज सरकारला मात्र तो एकच दिसला. मद्यावरचा कर बुडू नये म्हणून १८९२ साली मुंबई सरकारनं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा केला आणि परवान्याशिवाय फूल गोळा करणं, बाळगणं, विकणं हाच गुन्हा ठरवला. सेनगाव तेव्हा निजामाच्या मुलखात होतं, त्यामुळे हा कायदा इथं नव्हता; पण मोहाकडे अबकारीच्या नजरेनं पाहण्याची रीत तिथंही होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं फुलावरची नजर कायम ठेवली. महाराष्ट्रात मोहफुलं वेचणं, नेणं आणि साठवणं यांवरची बंधनं सैल व्हायला २०२१ साल उजाडावं लागलं. इंग्लंडमध्ये रानफुलाच्या पेयाचं नाव काय ठेवायचं यावर खटला चालला. आपल्याकडे ते फूल घरात ठेवायचं की नाही यावरच कायदा होता.

म्हणून ‘फुलं वेचायला शिकवलं की लोक दारू गाळतील’ या आक्षेपाला माझं उत्तर उलट आहे. ज्या फुलाचा घरातला उपयोग मोडतो, त्याचा भट्टीवरचा तेवढा शिल्लक राहतो. मोहाचे लाडू, राब, भाकरी हे पदार्थ हलके समजले गेले, रेशनची साखर आली, पोरींना सासरी मोहाचं काही करायची लाज वाटू लागली. आणि मग मोह म्हणजे दारू हे समीकरण खरोखरच पक्कं झालं. गोड पदार्थ परत आणले तर ते समीकरण ढिलं होईल. पळसाच्या बाबतीत ही अडचणही नाही. त्याच्या पाकळीत मोहासारखी साखर भरलेली नाही, त्यामुळे भट्टीवाल्याला त्यात रस नाही. साखर आपण वरून घालतो, आणि तीच या पेयाची खरी खोट आहे. मधुमेह घराघरांत पोचलेल्या काळात दोन किलो साखरेच्या पाकाचं गुणगान करणं मला पटत नाही. घरी रोज प्यायचं तर बिनपाकाचं, मीठ-लिंबाचं, नावापुरत्या गोडीचं करावं. सेनगावच्या बसस्थानकावर विकल्या जाणाऱ्या रंगीत बाटलीत साखर किती हे तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. घरच्या पेल्यात ती आपल्या चमच्यानं मोजली जाते.

तिसरा आक्षेप झाडाच्या आणि पाखरांच्या बाजूनं आहे, आणि मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. आपण फुलं घेतली तर शिंजिरांनी काय प्यायचं, आणि शेंगा कशा धरायच्या? २००३ साली दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पळसाच्या परागीकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पळसाचं फळ धरायला पक्षी लागतात, त्यातही जांभळा शिंजीर मुख्य, आणि खारही ते काम करते. असंख्य फुलांतून फार थोड्यांच्या शेंगा होतात, असं त्यातून दिसलं. म्हणजे पडणारी बहुतेक फुलं तशीही बी न धरता जाणारी असतात. पडलेली फुलं वेचण्यानं पाखरांचं काही जात नाही, कारण त्यांतला मध आधीच संपलेला असतो. नुकसान होतं ते फांद्या मोडून घोसच्या घोस उतरवले तर. म्हणून झाडावर चढून, आकडीनं ओरबाडून फुलं काढणं हे माझ्या लेखी वेचणं नव्हे. मोहाच्या बाबतीत एक वेगळीच वाईट सवय आहे: फुलं स्वच्छ दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आणि त्या आगी रानात पसरतात. झाडाखाली जाळी किंवा कापड बांधलं तर काडी ओढावी लागत नाही. कापड अंथरणं ही गोष्ट एवढीशी वाटते, पण त्या कापडामुळे रान जळायचं वाचतं.

चौथा आक्षेप पोटाचा आहे. शहरात एखाद्या हॉटेलात ‘पळस कूलर’ शंभर-दोनशे रुपयांना विकायला लागले, तर कंत्राटदार ट्रॅक्टर घेऊन गायरानात शिरणार नाही कशावरून? ही भीती खोटी नाही. तेंदूपत्त्याचं, डिंकाचं, मधाचं असंच झालं आहे: वेचणाऱ्याच्या हातात मजुरी, बाकीचं वरच्यावर. हिंगोली जिल्ह्यात आंध हा आदिवासी समाज मोठा आहे, कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही आहे. पण जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना वनोपजावर हक्क देणाऱ्या पेसा कायद्याचं कवच इथल्या ग्रामसभांना मिळत नाही. वनजमिनीवर २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाचा हक्क दिला आहे, पण सेनगावचा पळस बहुतांश वनात नाही. तो धुऱ्यावर आहे, गायरानात आहे, ओढ्याकाठी आहे. धुऱ्यावरच्या झाडासाठी शेतमालकाला विचारायचं, गायरानातल्यासाठी गावाला. सरबताची सुरुवात विकण्यापासून होऊ नये असं मला म्हणूनच वाटतं. आधी घरात, मग पंगतीत, मग यात्रेत. नर्सी नामदेव इथून जवळ आहे, औंढा नागनाथची महाशिवरात्रही ऐन पळस फुलण्याच्या दिवसांत येते. तिथं बचत गटातल्या बायांनी मातीच्या पेल्यातून हे पाणी दिलं तर गर्दीला आपल्याच माळावरचं फूल पुन्हा ओळखीचं होईल. विक्री त्यानंतर आली तर ती ओळख असलेल्या गावात येईल, आणि ओळख असलेल्या गावाला फसवणं जरा अवघड जातं.

आता शेवटची शंका, जी माझ्याच म्हणण्याच्या मुळावर येते. फूल प्यायल्यानं झाड टिकतं याला पुरावा काय? इंग्लंडमध्ये एल्डरचा पाक घराघरांत होत होता, तरी दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्राच्या शेतीपायी मैलोन् मैल कुंपणं उपटली गेलीच. ती थांबवायला १९९७ साली कुंपणं राखण्याचे नियम करावे लागले. म्हणजे नुसतं प्रेम पुरत नाही, हे मान्य. पण नियम करा असा आग्रह कोणी धरायचा, तर ज्यांच्या घरात त्या कुंपणातलं काहीतरी येतं त्यांनीच. मोहाचंही तेच दिसतं. मध्य भारतात शेतासाठी रान साफ करताना बाकीचं सगळं तोडलं, मोह मात्र वावरात उभा ठेवला, कारण त्याच्या झाडाची वाटणी भावाभावांत जमिनीसारखी होत असे. पळसाची वाटणी कधी झाली नाही, पण त्याची नोंद होऊ शकते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत कोणत्या गटाच्या धुऱ्यावर किती पळस, कोण पत्रावळी टाचतं, कुणाला रंग काढता येतो, एवढं लिहिलं तरी हळदीच्या चुलाणासाठी कुऱ्हाड उचलणाऱ्याला आधी कुणालातरी विचारावं लागेल.

आणि झाड परत लावणं अवघड नाही. मे महिन्याच्या अखेरीस पळसाखाली चपट्या, पिवळट, कागदासारख्या हलक्या शेंगा पडलेल्या सापडतात. शेंग लांब असते, पण बी एकच, अगदी टोकाला, चपटी, तपकिरी, रुपयाच्या नाण्याएवढी. ती फार दिवस जिवंत राहत नाही, म्हणून त्याच पावसाळ्यात टोकावी लागते. मृगाचा पहिला पाऊस झाला की धुऱ्याच्या कडेला बोटभर खोल खड्ड्यात शेंगेचं टोक तसंच पुरायचं, सालासकट. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण फारसं लागत नाही. पहिली दोन-तीन वर्षं रोप वर फारसं वाढताना दिसत नाही. ते खाली मूळ घालत असतं. फुलं यायला बरीच वर्षं जातात, त्यामुळे आज पुरलेल्या बीचं पाणी बहुधा घरातल्या सगळ्यांत लहान लेकराच्या वाट्याला येईल.